परदेशात मानद व्याख्यानासाठी जाताना: नाशिकमधील प्राध्यापकांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

परदेशातील विद्यापीठाकडून मानद किंवा स्मृतिव्याख्यानाचे निमंत्रण आले की अभिनंदनाचे फोन लगेच सुरू होतात. कागदपत्रांविषयी मात्र फारसे कोणी सांगू शकत नाही, कारण नाशिकमधील बहुतेक महाविद्यालयांत असा प्रसंग क्वचितच येतो आणि कार्यालयातही त्याचा तयार नमुना नसतो. मी या प्रक्रियेतून गेले आहे आणि नंतर काही सहकाऱ्यांना त्यातून जाताना जवळून पाहिले आहे. रजा मंजूर करणारे प्राचार्य, व्हिसा देणारा अधिकारी, विमानतळावरचा इमिग्रेशन अधिकारी आणि मानधन जमा करणारी बँक या सर्वांना आपली विद्वत्ता नव्हे, तर आपले निमंत्रणपत्र दिसते. त्यामुळे पुढील सर्व टप्प्यांचा पाया ते पत्रच आहे, आणि त्यावर सुरुवातीला घालवलेला वेळ नंतरचे अनेक हेलपाटे वाचवतो.

१. निमंत्रण खरे आहे याची खात्री करा

प्राध्यापकांच्या ईमेलवर रोज येणाऱ्या परिषदांच्या पत्रांमध्ये 'सन्माननीय वक्ते', 'बीजभाषण' असे शब्द सर्रास वापरलेले असतात आणि शेवटी नोंदणी शुल्काचा आकडा दिलेला असतो. खऱ्या मानद व्याख्यानासाठी वक्त्याकडून पैसे घेतले जात नाहीत, हा नियम मनाशी पक्का ठेवा. पत्र विद्यापीठाच्या अधिकृत ईमेल पत्त्यावरून आले आहे का, ही व्याख्यानमाला विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे का आणि आधीच्या वर्षांचे वक्ते तिथे नोंदलेले आहेत का, हे पाहा. तरीही शंका उरली तर पत्रातील दूरध्वनी क्रमांकावर विसंबू नका. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा विभागाचा क्रमांक शोधून तिथे विचारणा करा. यजमानांना त्याचे वाईट वाटत नाही.

२. निमंत्रणपत्र नीट लिहून घ्या

पहिले पत्र बहुधा सौजन्याचे असते. 'आपण यावे अशी आमची इच्छा आहे' एवढ्यावर कोणतेही कार्यालय हलत नाही. होकार कळवताना, विद्यापीठाच्या लेटरहेडवर सहीशिक्क्याचे सविस्तर पत्र मिळावे अशी नम्र विनंती करा आणि त्यात काय हवे ते स्वतःच लिहून पाठवा. यजमान विभागातील साहाय्यकाला अशा तयार मजकुराची मदतच होते.

पत्रात आपले नाव पासपोर्टप्रमाणे, पद, महाविद्यालयाचे नाव, व्याख्यानाचे शीर्षक, दिनांक, स्थळ आणि एकूण मुक्कामाचे दिवस असावेत. विमानभाडे, निवास, स्थानिक प्रवास आणि विमा यांपैकी कोणता खर्च कोण करणार, हे प्रत्येक बाबीपुढे स्वतंत्रपणे लिहिलेले असावे. मानधन असेल तर त्याची रक्कम आणि ते कोणत्या कामासाठी आहे याचा स्पष्ट उल्लेख हवा. आपल्याला का बोलावले, म्हणजे कोणत्या विषयातील कामासाठी, यावर दोन वाक्ये असली तर व्हिसा अधिकाऱ्याला वेगळे काही पटवावे लागत नाही. पत्राची एक प्रत प्राचार्यांच्या किंवा कुलसचिवांच्या नावे पाठवण्याचीही विनंती करा. तिचा उपयोग चौथ्या टप्प्यात होईल.

व्याख्यान एखाद्या देणगीतून चालत असेल तर त्या देणगीच्या अटी विचारून घ्या. स्कॉटलंडमधील चार विद्यापीठांत १८८८ पासून होणारी गिफर्ड व्याख्याने ॲडम गिफर्ड यांच्या मृत्युपत्रातील देणगीवर उभी आहेत आणि विषयाची चौकटही त्यांनीच आखून दिलेली आहे. व्याख्यानाचा मजकूर छापण्याचा हक्क यजमान संस्थेकडे राहतो का, हा दुसरा प्रश्न. रवींद्रनाथ टागोरांनी १९३० मध्ये ऑक्सफर्डमध्ये दिलेली हिबर्ट व्याख्याने पुढच्याच वर्षी पुस्तकरूपाने आली. आपल्यालाही त्या मजकुराचे पुढे मराठी पुस्तक करायचे असेल, तर मराठी आवृत्तीचा हक्क आपल्याकडे राहील अशी एक ओळ आत्ताच पत्रव्यवहारात येऊ द्या.

३. नाव सगळीकडे एकच असू द्या

या टप्प्यावर मी मुद्दाम थांबते, कारण मराठी नावांची अडचण परदेशी कार्यालयांना समजत नाही. आपल्या पदवी प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे किंवा पतीचे नाव असते. पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना वेगळा आणि बाकी सर्व नाव दुसऱ्या रकान्यात असते. शोधनिबंधांवर बहुधा आद्याक्षरे असतात. विवाहानंतर नाव बदललेल्या प्राध्यापिकांच्या बाबतीत पीएच.डी. माहेरच्या नावाने, नोकरी सासरच्या नावाने आणि प्रकाशने दोन्ही नावांनी, असेही पुष्कळदा दिसते.

पासपोर्ट हाच प्रमाण धरा. निमंत्रणपत्र, व्हिसा अर्ज, विमान तिकीट, विमा आणि बँक खाते यांवर पासपोर्टमधील नावच, त्याच क्रमाने आणि त्याच स्पेलिंगने घाला. व्याख्यानाच्या फलकावर मात्र प्रकाशनांतील नाव हवे असेल, तर यजमानांना तसे स्वतंत्रपणे कळवा. नावात फरक असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नावबदलाची नोंद, आणि त्यांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर, जवळ ठेवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने वैध असावा आणि त्यात कोरी पाने असावीत. नूतनीकरण करायचे असेल तर नाशिकच्या पासपोर्ट सेवा केंद्रातील वेळ निमंत्रण आल्याच्या आठवड्यातच घ्या. पोलीस पडताळणीसाठी घरी कोणी असेल याचीही व्यवस्था करा.

४. रजा आणि परवानगी

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार शिक्षकाला एका शैक्षणिक वर्षात जास्तीत जास्त ३० दिवस कर्तव्यरजा मिळू शकते, आणि निमंत्रणावरून अन्य विद्यापीठांत व्याख्यान देणे हे त्यासाठी मान्य कारण आहे. निमंत्रण संस्थेकडे आलेले आणि संस्थेने स्वीकारलेले असणे इथे महत्त्वाचे ठरते. प्राचार्यांच्या नावे प्रत मागवायला सांगितली ती यासाठी. नेहमीच्या खर्चापेक्षा जास्त मानधन किंवा अन्य आर्थिक साहाय्य मिळत असेल तर कर्तव्यरजा कमी वेतनावर मंजूर होऊ शकते, असेही त्याच नियमावलीत आहे. म्हणून मानधनाची रक्कम अर्जातच नमूद करावी. ती नंतर उघड झाली तर विनाकारण संशय येतो. पुढे चार दिवस फिरण्याचे असतील तर ते अर्जित रजेत दाखवा, कर्तव्यरजेत मिसळू नका.

अर्जाचा मार्ग प्रत्येक संस्थेत वेगळा असतो. साधारणतः विभागप्रमुख, प्राचार्य, संस्थेचे व्यवस्थापन असा तो जातो, आणि अनुदानित पदावर असाल तर उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाला कळवावे लागेल का, हे आस्थापना विभागात लेखी विचारावे. व्यवस्थापनाची बैठक महिन्यातून एकदा होत असेल तर अर्ज त्या बैठकीआधी पोचला पाहिजे. तोंडी होकारावर तिकीट काढू नका.

सरकारी महाविद्यालयात, किंवा सरकारच्या मालकीच्या वा नियंत्रणाखालील संस्थेत नोकरी असेल तर एक जास्तीची पायरी आहे. परदेशी संस्था प्रवास किंवा निवासाचा खर्च करणार असेल, तर परकीय योगदान नियमन कायदा, २०१० च्या कलम ६ नुसार केंद्रीय गृह मंत्रालयाची पूर्वपरवानगी लागते. तो अर्ज एफसी-२ या नमुन्यात ऑनलाइन करायचा असतो आणि प्रवासाच्या किमान दोन आठवडे आधी करावा लागतो. प्रत्यक्षात त्याहून बराच आधी करावा, कारण त्याला वरिष्ठ कार्यालयाचे पत्र जोडावे लागते. आपली संस्था या व्याख्येत बसते की नाही, याचा निर्णय स्वतः न करता प्राचार्यांकडून लेखी घ्यावा.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या सत्र परीक्षा, उत्तरपत्रिका तपासणी आणि बहिःस्थ परीक्षकाची कामे यांच्या तारखा पाहूनच यजमानांना दिनांक कळवा. परदेशातील विद्यापीठांत व्याख्यानांचा हंगाम बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि वसंत ऋतूत असतो, म्हणजे नेमका आपल्या परीक्षांच्या वेळी. दोन-तीन पर्यायी तारखा सुरुवातीलाच दिल्या तर बहुतेक यजमान समजून घेतात.

५. व्हिसा

सर्वांत जास्त गैरसमज इथे आहेत. 'एकच व्याख्यान आहे, टुरिस्ट व्हिसावर जाऊन या' हा सल्ला आपल्याला हमखास मिळेल. तो ऐकू नका. मानधन घेऊन व्याख्यान देणे आणि फिरायला जाणे यांत इमिग्रेशनच्या दृष्टीने मोठा फरक आहे, आणि तो देशागणिक वेगळ्या रीतीने मोजला जातो.

ब्रिटन: निमंत्रित व्याख्यात्यांसाठीची पूर्वीची स्वतंत्र तरतूद ३१ जानेवारी २०२४ पासून स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसात सामावली गेली आहे. मानधन घेता येते, पण निमंत्रण ब्रिटनमधील संस्थेचे असावे, काम आपल्या तज्ज्ञतेच्या क्षेत्रातील असावे, ते प्रवासापूर्वीच ठरलेले असावे आणि प्रवेशानंतर ३० दिवसांच्या आत पूर्ण व्हावे. अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो. व्याख्यानाचा उल्लेख अर्जात स्पष्ट करा, 'पर्यटन' एवढेच लिहून मोकळे होऊ नका.

अमेरिका: येथे बी-१ (कामानिमित्त अल्पकाळ भेटीच्या) व्हिसावर मानधन घेता येते, पण ९-५-६ या अटींच्या आत. एका संस्थेत ९ दिवसांपेक्षा जास्त शैक्षणिक काम नको, आणि मागील ६ महिन्यांत ५ पेक्षा जास्त संस्थांकडून मानधन घेतलेले नको. मुक्काम त्याहून मोठा असेल तर यजमान विद्यापीठाने डीएस-२०१९ हे पात्रतेचे प्रमाणपत्र देऊन जे-१ (शैक्षणिक देवाणघेवाणीच्या) व्हिसाची व्यवस्था करावी लागते. एक सापळा विशेष लक्षात ठेवा: भारतीयांना व्हिसा बहुधा बी-१/बी-२ (बी-२ म्हणजे पर्यटन) असा जोड मिळतो आणि प्रवेश कोणत्या वर्गात द्यायचा हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. त्याने विचारल्यावर 'विद्यापीठात व्याख्यान देण्यासाठी आले आहे' असे सांगून निमंत्रणपत्र पुढे करा. बाहेर पडल्यावर आय-९४ (अमेरिकेतील प्रवेशाची सरकारी) नोंद ऑनलाइन उघडून वर्ग बी-१ आहे ना हे पाहा, कारण बी-२ नोंदीवर मानधन देताना विद्यापीठाचे लेखा विभाग अडून बसतात.

मुलाखत मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासात होते. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने दादरला पोचेपर्यंत दहा वाजून जातात, त्यामुळे वेळ सकाळची असेल तर आदल्या रात्री मुंबईत मुक्काम करा. आत मोबाइल नेता येत नाही, म्हणून सोबत कोणीतरी असलेले बरे. मुलाखतीचा काळ दोन-तीन मिनिटांचा असतो. संशोधनाचा विषय सामान्य माणसाला कळेल अशा दोन वाक्यांत सांगण्याची तयारी करून जा.

शेंगेन देश (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातील देश): अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून आणि किमान १५ दिवस आधी करायचा असतो. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा आहे, आणि किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय संरक्षण असलेला विमा अनिवार्य आहे. अनेक देशांत जाणार असाल तर जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करा. मानधन घेता येते का, याचे नियम प्रत्येक देशाचे निरनिराळे आहेत, म्हणून यजमान विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडून लेखी उत्तर मागवा.

व्हिसासाठी साधारणपणे ही कागदपत्रे एका फायलीत असावीत: चालू आणि जुने पासपोर्ट, सविस्तर निमंत्रणपत्र, महाविद्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि रजा मंजुरीचा आदेश, सेवा प्रमाणपत्र, तीन महिन्यांच्या वेतन पावत्या, सहा महिन्यांचे बँक विवरण, प्राप्तिकर विवरणपत्रे, निवासाचा पुरावा, प्रवासाचा कार्यक्रम, विमा आणि ठरावीक मापाची छायाचित्रे. रजा आदेश मराठीत असेल तर त्याचे इंग्रजी भाषांतर जोडा, किंवा आदेशच इंग्रजीत मागून घ्या. रुजू होण्याची तारीख त्यात लिहिलेली असावी. आपण परत येणार याचा तोच सर्वांत भक्कम पुरावा असतो.

६. पैशांची व्यवस्था

तिकीट यजमानांनी काढून दिले तर उत्तम. आपण काढून नंतर परतफेड घ्यायची असेल तर कोणत्या वर्गाचे, कोणत्या रकमेपर्यंतचे तिकीट चालेल याची लेखी मंजुरी आधी घ्या. बोर्डिंग पास जपून ठेवा, कारण अनेक विद्यापीठे त्याशिवाय रक्कम देत नाहीत.

मानधन बँकेत येताना नाशिककरांना एक अडचण हमखास येते. पुष्कळ प्राध्यापकांचे पगाराचे खाते सहकारी बँकेत असते, आणि परदेशी रक्कम येण्यासाठी लागणारा स्विफ्ट कोड अशा अनेक बँकांकडे नसतो. आयएफएससी कोड परदेशी व्यवहाराला उपयोगी पडत नाही. म्हणून परदेशी चलनाचे व्यवहार करणाऱ्या बँकेत खाते आधीच उघडून ठेवा, शाखेकडून स्विफ्ट कोड लेखी घ्या, आणि रक्कम आल्यावर परकीय आवक प्रमाणपत्र मागायला विसरू नका.

अमेरिकेत अनिवासी व्यक्तीच्या मानधनातून सर्वसाधारणपणे ३० टक्के कर कापला जातो. भारत-अमेरिका कर करारानुसार सवलत मागता येते, पण त्यासाठी फॉर्म ८२३३ आणि अमेरिकी कर क्रमांक लागतो, आणि तो क्रमांक मिळायला वेळ जातो. यजमानांच्या कर विभागाशी दोन महिने आधी बोला. भारतातील निवासी करदाता म्हणून हे उत्पन्न आपल्या विवरणपत्रातही दाखवावेच लागते. बाहेर कापलेल्या कराची सवलत मिळवण्यासाठी कपातीचे प्रमाणपत्र आपल्या कर सल्लागाराकडे द्या. सोबत नेण्याच्या रोख परकीय नोटांची मर्यादा एका प्रवासाला ३,००० अमेरिकी डॉलर इतकी आहे. व्याख्यानाला जाणाऱ्याला त्याच्या दशांशाचीही गरज पडत नाही, बाकी खर्च कार्डावर करावा.

७. व्याख्यानाची तयारी

आपल्याकडच्या व्याख्यानमालेत, मग ती गोदाघाटावरची वसंत व्याख्यानमाला असो की महाविद्यालयातील विस्तार व्याख्यान, प्रास्ताविक, सत्कार आणि परिचय यांत वेळ जातो आणि वक्त्याने दीड तास घेतला तरी श्रोते बसून राहतात. परदेशी विद्यापीठात ५० मिनिटांचे व्याख्यान म्हणजे ५० मिनिटेच, आणि त्यानंतरची प्रश्नोत्तरे हा शिष्टाचाराचा भाग नसून कार्यक्रमाचा गाभा असतो. मिनिटाला ११० शब्द या वेगाने ५,५०० शब्दांचा मजकूर पुरतो. त्यातलेही हजार शब्द गाळता येतील अशा खुणा करून ठेवा.

मजकूर विमानात पूर्ण करण्याचा बेत करू नका. जाण्याच्या तीन आठवडे आधी विभागातील सहकाऱ्यांसमोर घड्याळ लावून संपूर्ण व्याख्यान एकदा द्या, आणि आपल्या विषयाबाहेरच्या एका तरी सहकाऱ्याला बोलवा. महाराष्ट्रातील संदर्भ परक्या श्रोत्यांसाठी किती उलगडावे लागतात हे त्याच्या प्रश्नांवरून समजते. पेशवाई, वतन, वारी किंवा गोदाकाठची तीर्थपरंपरा यांवर बोलताना आपण नकळत बरेच गृहीत धरतो. प्रत्येकी एक वाक्य आणि एक नकाशा पुरेसा असतो. सादरीकरण पेनड्राइव्हवर, ईमेलवर आणि पीडीएफ स्वरूपातही ठेवा. देवनागरी अक्षरे तिथल्या संगणकावर फुटू शकतात आणि पीडीएफमध्ये ती शाबूत राहतात.

भेटवस्तू छोटी आणि हलकी असावी. येवल्याच्या पैठणीची लहान पिशवी किंवा बटवा यजमानांना आवडतो आणि तो सामानातही मावतो. चिवडा, बेदाणे अशा खाद्यपदार्थांची सीमाशुल्क अर्जावर नोंद करावी लागते, आणि ती टाळल्यास दंड होऊ शकतो. औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत ठेवा.

८. नाशिकहून निघताना

बहुतेक आंतरराष्ट्रीय उड्डाणे मुंबईहून रात्री उशिरा किंवा पहाटे असतात. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो, पण आमण्यापुढे वडपे ते ठाणे या पट्ट्यातली अवजड वाहनांची कोंडी तशीच आहे आणि वाचलेला वेळ तिथे जाऊ शकतो. विमानतळावर तीन तास आधी पोचायचे धरून घरून आठ तास आधी निघावे. पावसाळ्यात कसारा भागात दरड कोसळून रेल्वे बंद पडण्याचे प्रसंग येतात, तेव्हा केवळ रेल्वेच्या भरवशावर राहू नका. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाची अमृतस्नाने आहेत. त्या काळात प्रवास असेल तर एक दिवस आधीच मुंबई गाठा.

निमंत्रणपत्र, रजा आदेश, परतीचे तिकीट, निवासाचा पत्ता आणि यजमानांचा फोन क्रमांक यांच्या छापील प्रती हातातल्या बॅगेत ठेवा. मोबाइलची बॅटरी नेमकी इमिग्रेशनच्या रांगेत संपते. व्याख्यानाच्या किमान दोन दिवस आधी पोचेल असे उड्डाण घ्या, विशेषतः अमेरिकेला जाताना, कारण त्या वेळबदलातून शरीर एका रात्रीत सावरत नाही.

९. तिथून निघण्यापूर्वी आणि परतल्यावर

व्याख्यान दिल्याचे प्रमाणपत्र यजमान विभागाकडून तिथेच, दिनांक आणि शीर्षकासह, सहीशिक्क्याचे घ्या. परत आल्यावर ईमेलने मागितले तर आठवडे जातात. कार्यक्रमपत्रिका आणि दोन-तीन छायाचित्रेही घ्या, कारण महाविद्यालयाचा अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष नॅक मूल्यांकनासाठी ती मागणारच. परतफेडीचा अर्ज मूळ पावत्यांसह तिथल्या कार्यालयात देऊन त्याची पोच घेतली असेल तर उत्तमच.

परतल्यावर रजा संपल्यानंतरच्या पहिल्याच कामाच्या दिवशी रुजू अहवाल द्या आणि प्रवासाचा संक्षिप्त अहवाल प्राचार्यांना सादर करा. उरलेल्या परकीय नोटा १८० दिवसांच्या आत बँकेत जमा करायच्या असतात. २,००० अमेरिकी डॉलरपर्यंतच्या नोटा पुढील प्रवासासाठी जवळ ठेवता येतात. मानधन दोन महिन्यांत जमा झाले नाही तर लेखा विभागाला निमंत्रणपत्राचा दिनांक आणि अर्जाची पोच जोडून एक स्मरणपत्र पाठवा, आणि त्याची प्रत ज्यांनी आपल्याला बोलावले त्या प्राध्यापकांना द्या.